माळावरचा पवना : आमच्या कुरणाच्या नोंदी, एप्रिल २०२३ ते जून २०२५

१४ एप्रिल २०२३

वेल्डिंगवाल्याकडून सळईची एक मीटर बाय एक मीटर चौकट करून आणली आणि सकाळी सहालाच माळावर गेले. माण तालुक्यातला आमचा हा बारा एकर माळ. मुरमाड, पूर्वेला उतरता, मधून एक ओघळ. चौकट न बघता टाकायची, आत काय उगवलंय ते मोजायचं, वहीत लिहायचं, पुढे जायचं. वीस ठिकाणी टाकली. चौदा ठिकाणी कुसळी गवताची वाळली थोटकं, सात ठिकाणी तरवड, तीन ठिकाणी नुसता मुरूम. पवना, म्हणजे जनावरांच्या आवडीचं गवत, फक्त एका चौकटीत.

तरवड वाढला की समजायचं, माळ जास्त चारला गेलाय. त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तो राहतो आणि बाकीचं जातं.

पवना खरा सापडला तो घायपाताच्या बुडाशी. काटेरी पात्यांच्या आत मेंढीचं तोंड पोचत नाही, तिथे त्याचे ठोंब हातभर उंच उभे होते, वाळून पिवळसर झालेले. एकदा डोळा बसला तसे उघड्यावरही दिसू लागले. जमिनीबरोबर खरवडलेले, रुपयाएवढे काळे डाग. एक ठोंब नखाने उकरून पाहिला. वरून मेलेला. वाळली पापुद्री सोलत गेले तर आत, तांदळाच्या कणीएवढा, पांढुरका-हिरवा कोंब. शेजारचे आणखी चार उकरले. तिघांत कोंब होता.

म्हणजे माळ मेलेला नाही. त्याला श्वास घ्यायला कुणी दिलेला नाही.

१६ एप्रिल २०२३

रात्री हिशेब मांडला. मेंढ्या ३०, उस्मानाबादी शेळ्या १२, खिल्लार गायी २, बैलजोडी १. पाणी वगळून निव्वळ कोरडा चारा धरला तर मेंढीला दिवसाला किलोभर, शेळीला सव्वा, गायीला नऊ, बैलाला दहा. बेरीज ८३ किलो. वर्षाला ३० टन.

आता माळ. बारा एकर म्हणजे ४.८ हेक्टर. असल्या खालावलेल्या माळावर हेक्टरी टनभर वाळकं गवत धरलं तर पावणेपाच टन. त्यातलं अर्धं खायचं आणि अर्धं मुळांसाठी, बियाण्यासाठी, माती झाकायला ठेवायचं. उरले २.४ टन. भागिले ८३.

एकोणतीस दिवस.

वर्षातले एकोणतीस दिवस हा माळ आमची जनावरं पोसू शकतो, आणि आम्ही बारा महिने चारतो. वही नवऱ्यापुढे ठेवली. त्यानं आकडे दोनदा तपासले, काही बोलला नाही. आबांनी (सासऱ्यांनी) विचारलं तेव्हा मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या लहानपणी ह्या माळावर गवत कापाय माणसं लागायची. कंबरंएवढा पवना हुता. मग जनावरं वाढली आन माळ तेवढाच ऱ्हायला."

२ मे २०२३

कोणतं गवत लावायचं, यावर आठवडाभर घरात चर्चा. जो येईल तो नवं नाव सांगतो. सध्या सगळ्यांच्या तोंडी नेपियर आहे. मोबाईलवर रोज कुणी ना कुणी एका कांडीचे भरमसाट पैसे सांगून सोन्यासारखं गवत विकत असतं. नेपियर वाईट नाही. फुले जयवंत किंवा डीएचएन-६ सारखा वाण पाण्याखाली लावला, दोन-अडीच महिन्यांनी पहिली कापणी आणि मग दर सहा-आठ आठवड्यांनी, तर गायीबैलांचा हिरव्याचा प्रश्न बराच सुटतो. पण त्याला पाणी लागतं, खत लागतं, आणि जून झाला की मेंढ्या-शेळ्या दांडे टाकून देतात. तो बागायतीचा माल आहे. माळाची गोष्ट वेगळी.

ठरलं ते असं. विहिरीखालच्या दीड एकरात १५ गुंठे नेपियर, १० गुंठे लसूणघास (आरएल-८८), बाकी ठिकाणी हंगामाप्रमाणे आफ्रिकन टॉल मका. बांधावर शेवरी आणि हादगा. तीन एकर कोरडवाहूत रब्बीला मालदांडी, कारण कडब्याला तिच्यासारखी दुसरी ज्वारी आम्हाला माहीत नाही.

माळावरच खरा वाद. मला वाटत होतं, नांगरून अंजन गवत आणि स्टायलो पेरावं. एक गवत, एक शेंगवर्गीय, पुस्तकात सगळीकडे हीच जोडी. आबांनी मान हलवली. "पोरी, ह्या माळाला माती हाय वीतभर. ती बी उपसलीस तर खाली काय ऱ्हातंय?"

शेवटी अर्धा एकर नांगरून बघायचा. बाकीच्याला नांगर लावायचा नाही, पाच तुकडे करून आळीपाळीनं राखायचा.

२८ मे २०२३

कुंपण. तारेला पैसे नाहीत, म्हणून वेड्या बाभळीच्या फांद्या तोडून कुपाटी घातली आणि आतून घायपाताचे गड्डे लावत गेलो. तीन वर्षांत घायपात स्वतःच कुंपण होईल. तुकड्यांना नावं : टेकाड, ओघळ, चिंचेचा, मधला, खालचा.

मेंढ्या-शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घेतली. पहिल्या पावसाच्या लुसलुशीत गवतावर अधाशासारखं चरलं की धडधाकट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. दोन वर्षांपूर्वी आमची चार गेली. लस पावसाआधी, हे आता भिंतीवर लिहून ठेवलंय.

स्टायलोचं बी कठीण कवचाचं. पाणी उकळून खाली उतरवलं, थोडं निवू दिलं आणि त्यात चार-पाच मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात काढलं. अंजनाचं बी नव्या हंगामाचं नको, वर्षभर ठेवलेलं बरं उगवतं, म्हणून मुद्दाम मागल्या सालचं मागवलं.

३० जून २०२३

मृग कोरडा गेला. काल रात्री पहिला खरा पाऊस, एक तास, दांडगा.

सकाळी नांगरलेल्या अर्ध्या एकरात गेले आणि मटकन बसले. माती वाहून गेली होती. उतारावर बोटभर खोलीच्या ओघळ्या, आणि खाली बांधाला अडकलेला गाळ. त्या गाळावर माझं अंजनाचं बी कापसासारखं तरंगत येऊन साचलेलं. त्या हलक्या बियाला बोटाच्या पेरापेक्षा जास्त माती नको, म्हणून मी वरच्या वर फेकलं होतं. नांगरट उताराला आडवी केली होती, तरी माती थांबली नाही. कुपाटीपलीकडे न नांगरलेला माळ जसाच्या तसा.

आबा आले, पाहिलं, एक शब्द बोलले नाहीत. गाळ पाटीत भरू लागले. आम्ही दोघांनी दुपारपर्यंत गाळ परत वर वाहिला.

४ जुलै २०२३

पाच दिवसांत पवना फुटलाय. काळ्या डागांमधून सुईएवढी हिरवी पाती. आता जनावरं आत सोडायची नाहीत, आणि याच दिवसांत सोडायचा मोह सगळ्यात जास्त असतो.

ठोंब उन्हाळाभर बुडाशी आणि मुळाशी थोडी शिदोरी राखून असतो. पहिला पाऊस पडला की ती खर्चून तो पहिली पाती काढतो. पाती मोठी झाली की त्यांच्या जोरावर मुळं परत भरतात. ही पहिली पाती खाल्ली तर शिदोरी गेली आणि कमाईही गेली. तो दुसऱ्यांदा फुटतो, तीही खाल्ली तर मग फुटत नाही. म्हणून पहिल्या पावसानंतर पाच-सहा आठवडे माळ बंद. गवताची निवड यापुढे दुय्यम आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. घरातल्या सोन्यासारख्या पवन्याला आपण दर जुलैत मारत आलो आणि बाजारात नवं गवत शोधत फिरलो.

पण जनावरांना सहा आठवडे घालायचं काय? कडब्याच्या १२०० पेंढ्या आहेत. दिवसाला ३०, म्हणजे ४० दिवस. वर हिरवं म्हणून नेपियर आणि शेवरीचा पाला. काठावरचं गणित आहे.

२१ ऑगस्ट २०२३

पाऊस नाही. अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय. सात आठवडे झाले, तरी टेकाडावरचं गवत चार बोटंच आहे. पेंढ्या संपल्या. नवरा म्हणाला, "आता सोडूया. गवत वाचवून जनावरं मारायची का?" त्याचंही बरोबर होतं. दोन रात्री झोप नाही.

परवा नऊ मेंढ्या विकल्या. भाव पडलेला, कारण सगळेच विकतायत. त्यात एक जुनी मेंढी होती, माझ्या लग्नाच्या वर्षी जन्मलेल्या मेंढीची लेक. तिला टेम्पोत चढवताना मी मागे गेले नाही. चारा नाही हे दिसल्यावर आधी विकणं, अंगावर मांस आहे तोवर विकणं, हेच शहाणपण, हे मला पटतं. म्हणून काही सोपं होत नाही.

खालचा तुकडा, ज्यात पवना नाहीच, फक्त तोच उघडला.

२६ ऑगस्ट २०२३

गायीला किराळ लागली. शेजारच्या रानात चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी, महिन्याभराची, पाण्यावाचून गुडघ्याखाली खुरटलेली. दावं तोडून गाय शिरली. दहा मिनिटांत धापा, तोंडाला फेस, पाय लटपटत. कोवळ्या आणि ताण बसलेल्या ज्वारीत विष जास्त असतं हे माहीत होतं, पण समोर पाहणं वेगळं. डॉक्टर वीस मिनिटांत पोचले. शिरेतून सोडियम थायोसल्फेट दिलं. संध्याकाळी गाय उठली, रवंथ करू लागली, तेव्हा कुठे मी पाणी प्याले.

नोंद : ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी घालायची नाही. पावसाने ओढ दिली असेल तर कापून नीट वाळवूनच.

८ ऑक्टोबर २०२३

सप्टेंबरच्या पावसाने थोडं सावरलं. कुसळी मात्र जोरात.

आज एका कोकराच्या ओठातून कुसळ काढलं. त्याला मांडीत धरलं, वरचा ओठ उलटा केला. आत फोडाएवढी गाठ आणि तिच्यातून केसासारखं काळं टोक. कुसळाचं टोक टोकदार आणि त्यावर मागे वळलेले बारीक केस, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. ओढलं तर तुटतं. हळदीचं तेल लावून, दोन नखांत बुडापासून पकडून, सरळ रेषेत उपसलं. रक्ताचा थेंब आला आणि कोकरू माझ्या पदराला तोंड पुसून पळालं. लोकरीत शिरलेली तर मोजायची नाहीत.

कुसळीलाही जनावरं खातात, पण कुसळ धरायच्या आधी, कोवळी असताना. म्हणजे पवन्याच्या तुकड्यांना विसावा द्यायच्या दिवसांतच, श्रावणात, कुसळीचा तुकडा थोडे दिवस दाबून चारायचा आणि उरलेली फुलोऱ्याआधी कापायची. यंदा ते जमलं नाही. पुढच्या वर्षी खालचा तुकडा याच कामासाठी.

३० ऑक्टोबर २०२३

चौकट पुन्हा टाकली. या वेळी आतलं गवत चार बोटं ठेवून कापलं, वाळवलं, तोललं. राखलेल्या टेकाडावर सरासरी ११० ग्रॅम, चारलेल्या खालच्या तुकड्यात ६० ग्रॅम. चौरस मीटरला १०० ग्रॅम म्हणजे हेक्टरी एक टन. दुष्काळी सालातही राखलेल्यात जवळजवळ दुप्पट.

२३ नोव्हेंबर २०२३

दिवाळीनंतर मेंढके कोकणाच्या वाटेला लागले. दरवर्षी येणारा वाडा (त्यांचा फिरता तळ) आला. दीडशे मेंढरं, दोन घोडी, कोंबड्या, पोरंबाळं. आजवर ते आले की माळ त्यांचाच असायचा. या वेळी मी कुपाटीपाशी उभी राहिले आणि पोटात गोळा आला, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या माणसांना नाही कसं म्हणायचं?

वाड्यातल्या वडीलधाऱ्या मामांना आत नेऊन दाखवलं. ते वाकले, एक ओंबी बोटांतून काढली. "पवना हाय की वैनी! कवा आला?" मग स्वतःच म्हणाले, "मेंढरू पयलं ह्यालाच त्वांड लावतंय. ग्वाड लागतं. म्हून पयलं हेच मरतंय." दोन वर्षं मी जे वाचून शिकत होते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

तडजोड अशी झाली. टेकाड, ओघळ, चिंचेचा बंद. मधला आणि खालचा दोन दिवस त्यांना, कारण गवताचं बी सांडून झालंय. तीन रात्री मेंढरं आमच्या कोरडवाहू रानात बसवली, त्याबद्दल ज्वारी आणि डाळ दिली. सकाळी रान लेंड्यांनी काळं झालं होतं. मामांनी जाताना स्वतःच कुपाटीची एक पडलेली फांदी उचलून नीट लावली.

२० जानेवारी २०२४

वणव्याची तयारी. माळाभोवती दहा फुटांचा पट्टा गवत कापून, झाडून मोकळा केला. जाळलं की गवत चांगलं येतं, असं अजून गावात म्हणतात. जळतं ते पडलेलं बी आणि मातीवरचं पांघरूण.

१९ जुलै २०२४

यंदा पाऊस वेळेवर आणि पुरेसा. कडब्याच्या २००० पेंढ्या आधीच रचल्या होत्या, म्हणून घरात वाद नाही.

ओघळीच्या काठाला काळसर, ओल धरणारी माती आहे. तिथे पवना रमत नाही, मारवेल रमतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले मारवेल-०६-४० चे मुळासकट ठोंब एका शेतकऱ्याकडून आणले आणि हात-हात अंतरावर पावसातच लावले. उतारावर पवना, ओलीला मारवेल. माळ स्वतः जे सांगतोय तेच लावायचं.

नांगरलेल्या अर्ध्या एकरात खालच्या कडेला स्टायलो उगवलाय. ते बी वर्षभर तिथंच पडून होतं. त्याला हात लावला नाही.

१२ ऑगस्ट २०२४

टेकाडाचं फाटक उघडलं. गवत गुडघ्याला लागतंय.

आधी गायी-बैल, दोन दिवस. गाय जीभ गुंडाळून वरचा शेंडा ओढते, बूड सोडते. मग मेंढ्या, पण तीनच दिवस, कारण मेंढीचे ओठ पातळ, ती जमिनीबरोबर कातरते. शेळ्यांना तर गवतापेक्षा बोरीचा, हिवराचा पाला प्यारा. रोज संध्याकाळी मुठीने मापते. मुठीएवढं गवत उरलं की बाहेर, पोट भरलं नसलं तरी बाहेर. सकाळी दव वाळल्यावरच सोडायचं. ओल्या पात्यांवर जंत चढलेले असतात.

लसूणघासाने एक शेळी फुगली. डावी कूस नगाऱ्यासारखी. गोडेतेल पाजून चालवत ठेवली, तासाभरात उतरली. आधी मूठभर कडबा, मग घास, हा नियम माझ्या दिराने त्या दिवशी पाळला नव्हता. आता पाळतो.

२६ ऑक्टोबर २०२४

चिंचेचा तुकडा चारला नाही, कापला. निम्मं गवत फुलावर असतानाच कापायला हवं, बी भरलं की पात्यात कस राहत नाही, नुसती काडी होते. पण बीही हवं, म्हणून निम्मा तुकडा उभा ठेवला. गवत तीन दिवस उन्हात, उलटंपालटं करून, हिरवट वास टिकेल इतपतच वाळवलं आणि गंजी घातली. गंजीत हात घातला की चहाच्या पुड्यासारखा वास येतो.

चौकट : टेकाड २४० ग्रॅम. चिंचेचा २६०. खालचा ९०. वीसपैकी नऊ चौकटींत पवना. एप्रिल २०२३ मध्ये एक होती.

सगळ्या माळाचा हिशेब अजून एकोणतीस दिवसांवरून साधारण अडीच महिन्यांवर आलाय, तोही जनावरं कमी केल्यामुळे. बाकीचं वर्ष कडबा, मका, नेपियर आणि शेवरीवरच काढायचं आहे. माळ सगळं पोसेल असं मी कुणाला सांगणार नाही.

१० नोव्हेंबर २०२४

पवन्याचं बी गोळा केलं. पिकलं की दोन-चार दिवसांत गळतं, त्यामुळे रोज सकाळी जाऊन ओंबी मुठीत धरून वर ओढायची, जे सहज सुटेल ते पिकलेलं. आठ दिवसांत एक गोणपाट भरलं. वजन फार नाही, सगळा भुसा आणि केस. आत्या आणि धाकटी लेक दोघी आल्या. लेकीने विचारलं, "आई, हे आपण विकणार?" म्हटलं, हे आपण पेरणार.

१८ मे २०२५

बियाच्या गोळ्या केल्या. एक वाटी बी, तीन वाट्या चाळलेली माती, वाटीभर शेण, हाताने हरभऱ्याएवढ्या वळून सावलीत वाळवल्या. केसाळ बी वाऱ्याने उडत नाही, पाण्याने वाहत नाही. नांगरलेल्या अर्ध्या एकरात आधी उताराला आडव्या दगडी ओळी घातल्या, प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला गोळ्या टाकल्या. दगड माळावरचेच. आबांनी बसून एकेक रचला.

२७ मे २०२५

रोहिणी लागायच्या आधीच पाऊस आला, आणि असा आला की ओढे भरून वाहिले. मे महिन्यात एवढं पाणी आबांनीही पाहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी दगडी ओळी बघायला पळत गेले. दोन ठिकाणी सरकल्या आहेत. बाकी माती जागेवर, आणि ओळीच्या वर बोटभर गाळ धरलाय.

९ जून २०२५

दगडी ओळींच्या मागे पवन्याची रोपं. केसाएवढी बारीक, उकिडवं बसून हाताची सावली केली तरच दिसतात. एका ओळीत सतरा मोजली, मग मोजणं सोडलं.

सगळा माळ हिरवा दिसतोय आणि मेंढ्या कुपाटीपाशी उभं राहून ओरडतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण विचारतो, एवढं गवत असताना जनावरं गोठ्यात का? पेंढ्या ९४० उरल्या आहेत. दिवसाला २८ प्रमाणे ३३ दिवस. पहिला पाऊस २१ मेचा धरला तर सात आठवडे ९ जुलैला पुरे होतात. टेकाडाचं फाटक १० जुलैला, गवत गुडघ्याला आलं असेल तरच. नवीन अर्धा एकर पुढच्या वर्षापर्यंत बंद.

फाटकाला नवऱ्याने आज नवी कडी बसवली.